देवाची पेटी आणि माझा नवा वाचक

नवा मिक्सर घरी आणला की खोक्यात थर्माकोलच्या खाली बारीक अक्षरांची एक पुस्तिका निघते. ती तुम्ही कधी वाचली आहे? नसणारच. पण ती कुणीतरी लिहिलेली असते, आणि पुण्यात कितीतरी वर्षं ते कुणीतरी म्हणजे मी होते. मिक्सर, गिझर, पाण्याचे पंप, पुढे बँकेतल्या लोकांसाठी संगणकावरच्या प्रणाली. 'झाकण नीट बसल्याशिवाय बटण दाबू नये' हे वाक्य मी इतक्या तऱ्हांनी लिहिलंय की झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन. आमच्या घरात मात्र चटणी दोनदा छताला लागली, कारण आमच्या ह्यांनीही ती पुस्तिका कधी उघडली नाही.

या धंद्यात कौतुक नसतं. पुस्तिका चांगली असेल तर कुणाला आठवत नाही आणि वाईट असेल तर ग्राहक दुकानदाराला शिव्या देतो, आपल्यापर्यंत तेही येत नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. वरवर मी हसण्यावारी न्यायची, पण आपण लिहिलेलं कुणीतरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं अशी इच्छा मनात होतीच. ती पुरी झाली निवृत्तीनंतर, रत्नागिरीत येऊन राहिल्यावर, आणि पुरी करणारा वाचक माणूस नव्हता.

झालं असं, की माझ्या हाताखाली शिकलेला निखिल आता पुण्यात एका छोट्या कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागी आहे. त्याचा फोन आला. म्हणाला, "मेधाताई, एक काम आहे. घरबसल्या करायचं. फक्त वाचक बदललाय." मी म्हटलं, बदलून बदलून कोण होणार, पूर्वी नव्हताच. तर तो म्हणाला, आता एजंट वाचतील.

एजंट म्हटलं की आपल्याकडे विम्याचा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम. मालकाने त्याला काम सांगायचं, 'हा माल खरा आहे का बघ', आणि मग कुठे जाऊन काय विचारायचं ते त्याचं तो ठरवतो. विचारण्यासाठी वेगवेगळी साधनं असतात, आणि प्रत्येक साधनासोबत एक पान असतं. साधन कशासाठी आहे, कशासाठी नाही, त्याला काय द्यायचं, उत्तर कसं येईल आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा. ते पान लिहायचं काम माझं.

आमचं साधन ब्लॉकचेनमध्ये शोध घेणारं. ब्लॉकचेन म्हटलं की लोक एक तर घाबरतात किंवा पैसे दुप्पट व्हायची वाट बघतात. मी आमच्या ह्यांना समजावलं ते असं: समजा गावच्या सभेत एक व्यवहार ठरला आणि हजर असलेल्या प्रत्येकाने तो आपापल्या घरी लिहून ठेवला. उद्या एकाने खाडाखोड केली तरी बाकीचे त्याला खोटं पाडतात. शिवाय पानं एकाला एक अशी शिवलेली, की मधलं एक उसवलं तर पुढची सगळी सुटतात. म्हणून एकदा लिहिलेलं पुसता येत नाही. आमचं साधन एवढंच करतं, की नंबर दिलात तर त्या नंबराबद्दल साखळीत काय लिहिलंय ते सांगतं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग यात शोधण्यासारखं काय आहे. तो प्रश्न वाईट नव्हता, पण मी चहा करायला उठले.

काम सुरू केलं आणि मी हरखलेच. हा वाचक सगळं वाचतो हो! तळटीपा वाचतो, कंसातलं वाचतो, जे मी केवळ सवयीने लिहून ठेवलंय तेही वाचतो आणि तसंच करतो. सासरी नवीन आलेल्या सुनेसारखा. त्यामुळे फजितीही तशाच. माझ्या आधी कुणीतरी पान लिहिलं होतं, त्यात समजावं म्हणून एक उदाहरणाचा नंबर दिलेला. एखाद्या मालकाकडून खरा नंबर द्यायचा राहिला, की हे एजंट बिनदिक्कत तो उदाहरणाचाच नंबर विचारून मोकळे व्हायचे. कुणी औषधाच्या बाटलीबद्दल विचारलेलं, कुणी गाडीच्या सुट्या भागाबद्दल, आणि सगळ्यांना उत्तर एकच. मग मी तिथे लिहिलं, नंबर दिलेला नसेल तर मालकाला विचार, मनाने घेऊ नकोस. दुसऱ्याच दिवशी ते सगळे विचारायला लागले.

आणखी एकदा पानावर होतं, 'साधन व्यस्त असल्यास जरा थांबून पुन्हा विचारावे'. माणसाला 'जरा' कळतं. एकदोनदा विचारून तो जेवायला जातो. एका एजंटने सकाळी विचारायला घेतलं ते निखिलने हाताने बंद करेपर्यंत विचारतच होता. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी किती वेळा ते लिहिते, आणि नंतर काय करायचं तेही.

हे सगळं गमतीचं. पण मला सांगायचंय ते प्रमिलावहिनींच्या पेट्यांचं.

प्रमिलावहिनी आमच्या नात्यातल्या नाहीत, आंब्यातल्या. आरे-वारेच्या रस्त्याने वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चढलं की त्यांचं गाव. नवरा मुंबईला गोदामात नोकरीला, तो येणार शिमग्याला आणि गणपतीला. बाग बघतात वहिनी. मोहोरापासून पेटी भरेपर्यंत सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जातं. कलमांशी त्या मोठ्याने बोलतात आणि गड्यांशी हळू. आमच्या घरी दर वर्षी त्यांच्याकडूनच पेटी येते, आणि ती घ्यायला गेलं की त्यांचं एकच दुखणं ऐकू येई: एवढा आंबा वाशीला जातो, दलालाकडे दहा बागांच्या आंब्यात मिसळतो, पुढे कोण खातं, त्याला कसा लागला, काही कळत नाही. लेक सासरी दिली तर तिचा फोन तरी येतो, म्हणायच्या.

मी हे काम घेतलं त्या वर्षी गावातल्या बागायतदारांनी गट केला. प्रत्येक बागेला एकापासून नंबर छापलेल्या चिकटपट्ट्यांची गुंडाळी मिळाली. पेटी भरली की पट्टी लावायची, मोबाइलने तिचा फोटो घ्यायचा, की पेटीची नोंद साखळीत होते. बंगळुरूची एक दुकानं चालवणारी कंपनी थेट माल घ्यायला तयार झाली, आणि मुख्य म्हणजे पेटीवर बागेचं नाव छापून विकायला. वहिनींनी मला नाव दाखवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सासऱ्यांनी कातळ फोडून पहिली कलमं लावली, त्यांचंच नाव बागेला दिलेलं.

एका दुपारी वहिनींचा फोन आला.

"ताई, तुमी ते कंप्यूटरातलं बघता ना? ते मशीन म्हणतंय आमची बागच नाय म्हणून."

मी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि ह्यांना स्कूटर काढायला लावली. वहिनींच्या पडवीत पेट्या छातीएवढ्या रचलेल्या, बाहेर टेम्पो उभा, ड्रायव्हर फणसाखाली आडवा. आंबा काढायचा तो प्रवासाचा हिशेब करून काढतात, म्हणजे पोचल्यावर तो बरोबर पिकावा. पडवीतच अडकला तर दोन दिवसांत मऊ पडणार, मग बंगळुरू विसरायचं आणि नेहमीसारखं वाशीला पाठवायचं, बिननावाचं. वहिनी पेट्यांवर हात फिरवत होत्या.

मोबाइलवर निरोप होता. या बागेची नोंद साखळीत सापडली नाही, माल बनावट असण्याची शक्यता आहे, मागणी थांबवली आहे. गावातल्या बाकी बागायतदारांनाही शब्दन्‌शब्द तोच निरोप. बंगळुरूवाल्यांच्या एजंटने सबंध गावच बनावट ठरवलं होतं. आणि खाली, नोंद कुठल्या साधनाने तपासली त्याचं नाव होतं. ते आमचं साधन होतं.

मी तिथेच बसून शोधायला घेतलं. दोन नंबरची पेटी टाकली, नोंद आहे. तीन नंबर, आहे. चार, आहे. एक नंबर टाकला तर उत्तर कोरं. एजंट शिस्तीचा, त्याने मोजायला सुरुवात एकापासून केलेली. एक नंबरच नाही म्हटल्यावर पुढे जायची त्याला गरज वाटली नाही.

"वहिनी, एक नंबरची पेटी कुठाय?"

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढं शिकून हिला हे कळू नये.

"देवळात. आणि कुठे असनार?"

तेव्हा उलगडलं. मोसमातली पहिली पेटी ग्रामदेवतेची. कोणे काळापासून ही रीत, आणि गावातली प्रत्येक बाग ती पाळते. पहिली पेटी म्हणून तिला गुंडाळीतली पहिली पट्टी लागली, हौसेने लावली. पण फोटो कुणी घेतला नाही, कारण फोटो घ्यायचा तो विकायच्या पेटीचा. देवाची पेटी विकायला कोण काढणार? सगळ्यांनी आपापल्या घरी वेगवेगळा विचार करून अगदी हेच केलं होतं. मला हसू आवरेना, मग वहिनींनाही, पण पेट्या अजून पडवीतच होत्या.

बंगळुरूला फोन लावला. पलीकडे एक भली मुलगी होती. तिला रीत समजली, आवडलीही, पण ती म्हणाली की मी तपासणी पुन्हा लावू शकते, निकाल बदलायचा अधिकार मला नाही. संध्याकाळपर्यंत निकाल आला तर टेम्पो घेता येईल.

एव्हाना बाकीचे बागायतदारही जमले होते. त्यांच्यातल्या एकाने सोपा उपाय काढला. पट्टी अजून देवळातल्या पेटीवर आहेच. जाऊन फोटो घेऊ, नोंद होईल, मिटलं. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर ते पटलं. पण ती नोंद विकायच्या मालाची होणार होती, आणि माझ्या धंद्यातली पहिली गोष्ट ही, की साखळीत लिहिलेलं पुसता येत नाही. मी तसं सांगितलं. वहिनींनी मान हलवली.

"देवाची पेटी इकायला लावली असं कायमचं लिवून ठेवायचं? मी नाय लावनार. आंबा वाशीला गेला तरी चालंल."

पेटीवर बागेचं नाव जाणं त्यांच्यासाठी किती मोठं होतं ते मला माहीत होतं. पण बाकीच्यांचाही माल अडकलेला. वाद वाढायला लागला तेव्हा कुणीतरी म्हणालं, देवालाच विचारू. मग सगळे देवळात गेलो.

आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी कौल मानते का, हे मला विचारू नका. माझं माहेर इथलंच, एवढं सांगते. तात्या गुरवांनी खणखणीत आवाजात विचारलं, तुझ्या पेटीचा फोटो काढून नोंद लावू का? पाकळी हलली नाही. पुन्हा विचारलं, नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. मघाचा उपायवाला पुटपुटला, देव नको म्हणतोय. तात्या त्याच्यावर उखडले.

"नको कुठे म्हटलंन? नको म्हटलंन असतं तर डावी पडली असती. देवान अजून काय सांगितलंनच नाय. प्रश्न बदला."

तात्यांनी हे काही माझ्यासाठी म्हटलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते तेच म्हणत आलेत आणि लहानपणापासून मीही ऐकत आलेय. पण त्या दिवशी मी सभामंडपाच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, पडद्यावर कोरं उत्तर तसंच होतं, आणि एकदम लख्ख दिसलं. आमच्या पानावर होकाराबद्दल लिहिलं होतं. नकाराबद्दल, म्हणजे रद्द झालेल्या नोंदीबद्दल लिहिलं होतं. कोऱ्या उत्तराबद्दल एवढंच होतं, की 'नोंद सापडली नाही'. ते चूक नव्हतं. पण पुढे काय समजायचं ते सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं एजंटने आपल्या स्वभावाप्रमाणे भरून काढलं होतं.

मी तिथेच लिहायला बसले. निखिलला फोन केला. तो म्हणाला, कोरं म्हणजे कोरं, त्यात लिहायचं काय? मी त्याला म्हटलं, तू मूळचा घाटावरचा, तुला नाही कळायचं, मी पाठवते ते एकदा एजंटला वाचायला दे. आणि एवढ्यात वहिनींनी मला विचारलं, ताई, काय लिवलंत ते आमाला सांगा की.

आजवर मला हे कुणी म्हटलं नव्हतं. लिहिलेलं इंग्रजीत होतं. मी मराठी करत करत मोठ्याने वाचलं. देवळात एवढी माणसं, आणि ती गप्प राहून ऐकत होती.

"कोरे उत्तर म्हणजे नकार नव्हे. साखळी या नंबराबद्दल अजून काही बोललेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून माल खोटा आहे असे म्हणू नये. प्रश्न बदलून पाहावा, म्हणजे शेजारच्या नंबरांबद्दल विचारावे. तीन वेळा विचारूनही काही कळले नाही, तर मला माहीत नाही असे मालकाला सांगावे आणि माणसाकडून खात्री करून घ्यावी."

वाचून संपलं. तात्या हातातली पाकळी तशीच धरून म्हणाले, यात नवीन काय लिवलंत, हे असंच असतं. इतक्या वर्षांत माझ्या लिहिण्याला मिळालेला हा पहिला अभिप्राय. मी तो मनात जपून ठेवला आहे, आणि मला अजूनही त्याच्याइतका आनंद कशाचा झालेला नाही.

निखिलने पान आधी आपल्याकडच्या एजंटला दिलं. जुन्या पानावर चुकलेले प्रश्न त्याने पुन्हा विचारून बघितले आणि फोनवर मोठ्याने हसायलाच लागला. ताई, तो चक्क माहीत नाही म्हणायला शिकला, म्हणाला. त्याने नवं पान लगेच सगळ्यांसाठी लावलं. मी बंगळुरूच्या मुलीला तपासणी पुन्हा लावायला सांगितलं. एवढ्या वेळात तात्यांनी आपल्या बाजूने प्रश्न बदलून घेतला होता. या बाईने काढलेल्या वाटेने जाऊ का, असं त्यांनी विचारलं आणि उजवी पाकळी टपकन पडली. वाऱ्याने पडली म्हणाल, तर पंखा बंद होता, वीज गेलेली.

मग सगळे वहिनींच्या मोबाइलभोवती तसेच उभे राहिले, जसे मघाशी देवापुढे उभे होते. निरोप आला. मी वाचून दाखवला. एक नंबरच्या पेटीची नोंद नाही, त्यावरून काही सांगता येत नाही. पुढच्या पेट्यांच्या नोंदी बरोबर आहेत. माल घ्यायला हरकत नाही. पहिल्या पेटीबद्दल बागायतदाराला विचारावे.

पाठोपाठ बाकीच्यांनाही तोच निरोप आला आणि गोंधळ उडाला. कुणी ड्रायव्हरला उठवायला पळालं, कुणी घंटाच वाजवली. त्या गडबडीत बंगळुरूच्या मुलीचा फोन आला, कारण एजंटने तिला विचारायला सांगितलं होतं आणि तीही शिस्तीची. पहिली पेटी कुणाला पोचली, तिथे काय लिहू? मी फोन वहिनींपुढे धरला.

"काय लिवू नको गो बाय," वहिनी म्हणाल्या. "ते मोकळंच ऱ्हाऊ दे."

टेम्पो उतारावरून समुद्राकडच्या रस्त्याला लागेपर्यंत त्या वळणावर उभ्या होत्या. पुढच्या आठवड्यात बंगळुरूहून कुणा आजींनी दुकानाला कळवलं, की या बागेचा आंबा पुन्हा आला तर माझ्यासाठी ठेवा. बागेचं नाव त्यांनी बरोबर लिहिलं होतं. वहिनींनी तो निरोप मला इतक्यांदा वाचायला लावला, की आता मला तोही पाठ आहे.

मी अजून अशीच पानं लिहिते. कोऱ्या उत्तराचा तो परिच्छेद निखिलने कंपनीच्या बाकी साधनांच्या पानांवरही घेतला. त्याखाली नाव नसतं, पुस्तिकेखालीही कधी नव्हतं, आणि आता त्याचं काही वाटत नाही.

कधी काम संपलं की गंमत म्हणून मी वहिनींच्या बागेचा एक नंबर टाकून बघते. उत्तर कोरं येतं. त्या साखळीच्या प्रती जगात किती यंत्रांवर असतील देव जाणे, पण त्यांतल्या एकीलाही ती पेटी कुठे गेली ते ठाऊक नाही. मला आहे. त्या दिवशी देवळातून निघताना तात्यांनी तिच्यातले उरलेले दोन आंबे प्रसाद म्हणून माझ्या ओटीत घातले होते. एक ह्यांना दिला. दुसरा मी स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ला, रस कोपरापर्यंत ओघळला तरी पुसला नाही.